दोर कुठे घासतोय?

वासावरून कळलं. आभाळ भरून आलं होतं, वारा फिरला होता, म्हणून छाटायला चढलेल्या झाडावरून, १८ मीटर उंचीवरून, मी एका दमात खाली उतरले. पाय टेकले आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. मुख्य दोराला वेढे घालून जी गाठ आपल्याला धरून ठेवते, तिला आम्ही हिच म्हणतो. त्या हिचच्या दोरीवर बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा उठला होता. हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत, वाकवून पाहिला तर कडक.

ज्यांच्या हाताखाली शिकले त्या काकांनी दोरी उलटसुलट पाहिली आणि खिशातला चाकू माझ्यासमोर धरला. "काप. बारीक तुकडे कर, नाहीतर उद्या परत बांधशील." कापली. जेमतेम महिन्याची दोरी होती, जिवावर आलं.

रात्री झोप येईना. तीच गाठ, तोच दोर, तेच वजन. आदल्याच आठवड्यात तेवढ्याच उंचीवरून उतरले होते, तेव्हा काहीच झालं नव्हतं. बदललं होतं एवढंच, की त्या दिवशी पहिल्यांदा मी दोर थेट फांदीवरून न नेता पुलीतून नेला होता. झाडाची साल वाचावी म्हणून. साल वाचली, दोरी गेली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवा एका मुलाचा निरोप आला. "ताई, झाडावर चढून छाटणीचं काम शिकतोय. पहिल्यांदा काय काय घेऊ?" सोबत हिचऐवजी वापरायच्या एका महागड्या यांत्रिक उपकरणाचा फोटो. मी त्याला उलट विचारलं, "तुझा दोर कुठे घासणार आहे?" त्याला वाटलं मी टाळतेय.

टाळत नव्हते. सामान निवडताना मला आधी हाच प्रश्न पडतो. आपलं वजन कुठेतरी घासणीनेच पेललं जातं. ती घासण फांदीवर होईल, हिचमध्ये होईल किंवा एखाद्या उपकरणात होईल. एका जागची कमी केली की दुसऱ्या जागची वाढते.

जुनी पद्धत, म्हणजे फिरता दोर, आधी घेऊ. दोर फांदीवरून जातो, एक टोक हार्नेसला, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांना, परत आलेल्या बाजूवर हिच. आपण वरखाली होतो तसा दोर फांदीवरून सरकतो. वर चढताना एक मीटर दोर ओढला की आपण अर्धा मीटर वर जातो, म्हणजे कागदावर निम्म्या जोरात काम होतं. प्रत्यक्षात खरबरीत सालीवरून दोर ओढताना ती निम्मी मेहनत कुठे गेली असा प्रश्न पडतो. ती सालीनेच खाल्लेली असते. पण उतरताना तीच साल आपल्या बाजूने असते. वजनाचा मोठा वाटा ती अडवते आणि हिचवर निम्म्याहूनही कमी भार येतो. फांदीच्या जागी पुली आली की चढणं हलकं होतं आणि उतरताना हिचला पुरता निम्मा भार घ्यावा लागतो. माझी दोरी जळली ती इथे. पुलीचं काही चुकलं नव्हतं. मी तिच्या हिशेबाने वेग कमी केला नाही आणि दोरीही तशी घेतली नाही.

दोरी कोणती, हा प्रश्न म्हणूनच मुख्य दोराइतकाच मोठा आहे. नायलॉन साधारण २२० अंशांच्या पुढे वितळायला लागतं, पॉलिएस्टर २५५ च्या आसपास. ताकदीसाठी नावाजलेलं डायनीमा तर १४५ च्या आसपासच वितळतं. ओझं खेचायला ते उत्तम, पण नुसत्या डायनीमाची हिच बांधणं म्हणजे मेणबत्तीला लटकणं. हिचसाठी अरामिड धाग्याचं आवरण असलेली दोरी घ्यावी. अरामिड वितळत नाही, फार मोठ्या उष्णतेला थेट जळतं. माझ्याकडे आता दोन टोकांना शिवलेले डोळे, म्हणजे पक्के फासे, असलेली ८ मिलिमीटरची दोरी असते. सुटी दोरी गाठी मारून वापरण्यापेक्षा ती बरी, कारण प्रत्येक गाठ दोराची थोडी ताकद खाते.

वेढे किती घालायचे हे दुसऱ्याला विचारून ठरत नाही. काकांचं वजन ९० किलोच्या घरात, माझं सामानासकट ६५. त्यांची पाच वेढ्यांची गाठ मी तशीच बांधली तर मला खाली यायला गाठीला अक्षरशः लोंबकळावं लागायचं. एक वेढा कमी केला आणि जमलं. दोर ओला असेल, नवा असेल, चिकाने माखला असेल, तर परत बदलतं. म्हणून रोज पहिल्यांदा जमिनीपासून हातभर उंचीवर बसून गाठ चावते का आणि सुटते का ते पाहते. (प्रुसिकची गाठ सगळ्यांनी शिकावी. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये ती लोकांपुढे मांडली. पण दिवसभराच्या कामाला ती फार हट्टी आहे. भार आला की घट्ट बसते आणि सोडवताना नखं जातात. व्हीटी किंवा डिस्टेलसारख्या गाठी एका हाताने सरकतात.)

आता स्थिर दोर. इथे दोर झाडाला पक्का असतो, आपण त्याच्यावर चढतो. एक पाय आणि एक गुडघा यांना दोर पकडणारे क्लॅम्प लावले की जिना चढल्यासारखं जाता येतं. उंच, सरळ खोडावर हा प्रकार एकदा अनुभवला की परत ओढाताण करावीशी वाटत नाही. पण फांदीवर दोर सरकतच नाही, म्हणजे तिथली घासण संपली, आणि दोरही एकेरी, म्हणजे सगळं वजन हिचवर. साधी हिच त्या भाराखाली अशी आवळते की उतरताच येत नाही, आणि उतरलंच तर तापते. म्हणून हिचच्या वर रोप रेंच लावतात. ती दोराला किंचित वाकवून भाराचा काही वाटा स्वतः घेते. हे कळलं की तिची किंमत कळते, नाहीतर ती नुसती लोखंडाची शोभा वाटते.

स्थिर दोराचा एक सापळा नवशिक्यांना हमखास पकडतो. दोर बुंध्याशी बांधायचा, वरच्या बेचक्यातून न्यायचा आणि दुसऱ्या बाजूने चढायचं. सोयीचं असतं, मलाही आवडतं, खालच्या माणसाला गरज पडल्यास तुम्हाला उतरवता येईल अशी सोयही करता येते. पण वरच्या बेचक्यावर दोन्ही बाजूंचा ओढा येतो. माझे ६५ किलो तिथे जवळजवळ १३० होतात, आणि पाय आपटत चढलं तर त्याहून जास्त. दोर वर फांदीलाच बांधला तर तिथे फक्त माझं वजन येतं. शिवाय बुंध्याकडे जाणारा दोर करवतीच्या वाटेत येऊ शकतो. तो कापला तरी आपण पडतोच.

म्हणून बेचकं निवडण्यात मी वेळ घालवते. खालून दुर्बिणीने बघते. बुंध्याशी अळंबी आहे का, दोन फांद्यांच्या मध्ये साल आत दुमडली आहे का, लाकडी हातोड्याने ठोकल्यावर आवाज पोकळ येतो का. मग थ्रोलाइन, म्हणजे मुख्य दोर वर ओढून न्यायला आधी फेकायची बारीक दोरी. ३०० ग्रॅमची पिशवी, दोन मिलिमीटरची दोरी, आणि बाकी नशीब. पहिल्याच फेकीत हवं ते बेचकं मिळालं की दिवसभर मी फुशारते. नाही मिळालं तर अर्धा तास गुंता सोडवत बसते आणि कोणाशी बोलत नाही. दोर वर गेला की दोघांनी मिळून त्याला लोंबकळायचं, तेही झटके न देता, आणि झाडाकडे बघत राहायचं.

मुख्य दोराबद्दल फार घोळ घालू नये. कमी ताणणारा, युरोपच्या ईएन १८९१ मानकातला 'अ' प्रकारचा, साडेअकरा ते तेरा मिलिमीटर जाडीचा दोर बहुतेकांना चालतो. या मानकात किमान २२ किलोन्यूटन ताकद मागितलेली असते. उपकरण घेणार असाल तर त्यावर कोरलेली जाडीची मर्यादा आधी वाचा आणि मग दोर घ्या. जाड दोर हाताला बरा, बारीक दोर पाठीला. कडेकपाऱ्या चढणाऱ्या मित्राचा ताणणारा दोर मात्र मागून आणू नका. मी आणला होता. प्रत्येक ओढीला अर्धी मेहनत दोर ताणण्यात जायची, आणि फांदीवर करवत चालवताना मी झोपाळ्यासारखी हलत होते. लांबी मोजताना, फिरत्या दोराला उंचीच्या दुप्पट आणि वर थोडा लागतो. २० मीटरच्या झाडाला ४५ मीटर.

हार्नेस दुकानात उभ्याने घालून घेऊ नका. त्यात अर्धा तास लटकून बसा. मांड्यांना मुंग्या आल्या तर तो तुमचा नाही, मग त्याची कितीही स्तुती ऐकलेली असो. पुढचा ब्रिज, म्हणजे हार्नेसच्या दोन बाजू जोडणारा आणि सगळं वजन पेलणारा तुकडा, बदलता येणारा असावा, कारण रिंग त्याच्यावर दिवसभर सरकते. परत घासण.

हेल्मेटच्या पट्ट्याकडे फार कोणी बघत नाही. कारखान्यातल्या हेल्मेटचा, म्हणजे ईएन ३९७ चा, पट्टा १५० ते २५० न्यूटनला मुद्दाम सुटतो, कुठे अडकून गळफास बसू नये म्हणून. गिर्यारोहणाच्या ईएन १२४९२ चा ५०० न्यूटनपर्यंत सुटत नाही, कारण पडताना ते डोक्यावर राहायला हवं. झाडावर मी दुसऱ्या प्रकारचं घालते.

काटेरी बूट जिवंत झाडाच्या छाटणीला नकोतच. प्रत्येक काट्याने सालीखालच्या जिवंत थराला भोक पडतं. झाड पाडायचंच असेल तर घाला. चेनसॉ चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असणं याला पर्याय नाही, आणि लॅनयार्डमध्ये, म्हणजे हार्नेसपासून खोडाभोवती फिरवायच्या आखूड दोरात, पोलादी तार आहे म्हणून तो कापला जाणार नाही असं समजू नका. ताणलेल्या दोराला तर हातकरवतीचा नुसता स्पर्श पुरतो. माझ्या एका दोराचं आवरण असंच, फांदीआडून करवत ओढताना, फाटलं. आवाजसुद्धा झाला नाही. फांद्या खाली सोडायचे दोर वेगळे ठेवा, रंगही वेगळा घ्या. झटके खाल्लेल्या दोरावर माणसाने चढू नये.

एवढं सगळं त्या मुलाला लिहिलं. त्याने उपकरणाचा विषय सोडला आणि एक दोर, दोन हिचच्या दोऱ्या, एक फ्रिक्शन सेव्हर (दोर सालीवर घासू नये म्हणून फांदीवर लावायचा पट्टा) आणि हार्नेस एवढंच घ्यायचं ठरवलं. आठवड्याने फोटो आला. जमिनीपासून हातभर उंचीवर बसलाय, हिच बांधलीय, वेढे एकावर एक न चढता नीट बसलेत, कॅराबिनरचं, म्हणजे जोडकडीचं, तोंड बंद आणि लॉक झालेलं. मी फोटो मोठा करून दोराचं खालचं टोक शोधलं. टोक हिचमधून निसटू नये म्हणून मारायची थांबागाठ तिथे नव्हती. तेवढंच लिहून पाठवलं.