तळघरातली धार

जानेवारीत सकाळच्या पहिल्या लिफ्टने वर गेलं की ब्राउनेकचा उतार बर्फाचा नसतो, काचेचा असतो. यंत्राने रात्रीच नीट विंचरून ठेवलेला आणि पहाटेपर्यंत कडक गोठलेला. त्या काचेवर मी वळण घ्यायला गेले आणि वळण काही झालंच नाही. स्की नुसत्या आडव्या घसरत राहिल्या आणि मी कडेच्या जाळीत जाऊन अडकले. लेंगग्रीसचा हा डोंगर म्युनिकहून तासाभरावर, म्हणजे आमचं लोणावळाच. तिथे पडण्याचं मला आता काही वाटत नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत पाच-सहा वर्षांची पोरं त्याच काचेवरून सुरी फिरवावी तशी गेली, ते मात्र लागलं.

दुपारी खानावळीबाहेर स्की टेकवून सूप पीत होते. शेजारच्या बाकावरच्या एका आजोबांनी हातमोजा काढला, माझ्या स्कीच्या कडेवरून अंगठ्याचं नख आडवं ओढलं, नखाकडे पाहिलं आणि बव्हेरियन उच्चारात काहीतरी म्हणाले. मला फक्त ‘कांटे’ एवढंच कळलं. वाटलं, काटे म्हणतायत. कांटे म्हणजे जर्मनमध्ये कड. माझी कड गोल झाली होती. धारदार असती तर नखाची पांढरी भुकटी निघायला हवी होती.

विळीची धार बघायला माझी आजी हेच करायची. एवढ्या लांब येऊन, एवढे पैसे मोजून शेवटी प्रश्न विळीचाच निघाला, म्हणून मला उगाच धीर आला.

दुकानात दिलं तर 40 युरो आणि चार दिवस. त्यापेक्षा सामान आणलं आणि आमच्या इमारतीच्या तळघरातल्या गाळ्यात, सायकली आणि रिकाम्या सुटकेसांच्या मधे, दोन लाकडी ठोकळ्यांवर स्की उलटी टाकली. स्कीचा तळ प्लॅस्टिकचा असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची पोलादी पट्टी. सगळी पकड त्या दोन मिलिमीटरवर. 1926 च्या सुमारास साल्झबर्गच्या रुडॉल्फ लेटनरने लाकडी स्कीला पोलादी कडा बसवायची शक्कल काढली. त्याआधीची माणसं नुसत्या लाकडावर गोठलेले डोंगर उतरत होती, याचा विचार करून मी माझ्या पडण्याची लाज जरा कमी केली.

मग पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर होते. स्की त्यांनी आयुष्यात पाहिलेली नाही, पण कानस पाहिली आहे. आमच्या घरात कानशींची नावं भाज्यांच्या नावांसारखी घेतली जायची: स्मूथ, सेकंड कट, बास्टर्ड. शाळेत कुणीतरी कुणाला ‘बास्टर्ड’ म्हणालं आणि भांडण पेटलं, तेव्हा मी मधे पडून सांगितलं होतं की ही शिवी नाही, हा कानशीचा प्रकार आहे.

“अगं, करवतीसारखी मागेपुढे काय करतेस? पुढे जाताना कापायचं, मागे येताना उचलायची. आणि आधी खडू फास कानशीला. कीस दातात अडकतो.”

जर्मन माहितीपुस्तिकेत खडूचा उल्लेख नव्हता. मुलीच्या दप्तरातला खडू आणला, फासला आणि कानस खरंच बदलली. करकर गेली, सळसळ आली. पोलादाचे केसासारखे तुकडे एका बाजूला पडायला लागले. पुढून मागे, हातभर लांबीचे एकमेकांवर येणारे फटके. कोन सांभाळायला प्लॅस्टिकची एक गाइड मिळते, त्यावर 88 लिहिलेलं असतं. म्हणजे कड काटकोनात न ठेवता बाजूने दोन अंश आत घ्यायची. तळाकडून मात्र एखादा अंश उचललेली ठेवायची, नाहीतर सपाट सरकत असतानाच स्की बर्फात रुतते. दोन अंशांना एवढं काय, असं मला वाटत होतं. बाबांना विचारून पाहिलं, तर त्यांनी फोन आईकडे दिला आणि पाणी प्यायला गेले.

एका जागी मात्र कानस नुसती घसरायला लागली. जोर लावला तरी कीस निघेना. फोन जवळ नेऊन दाखवला. “दगडावर आदळली होतीस का?” बाबांनी विचारलं. आदळले होते, मार्चमध्ये, बर्फ विरळ झाल्यावर. “मग तिथे लोखंड कडक झालंय. आधी दगडाने घास, मग कानस.” डायमंडची छोटी वडी पाण्यात बुडवून घासली तेव्हा कुठे कानस पुन्हा चावायला लागली. मी नऊ-दहा महिन्यांपूर्वी कुठे धडपडले हे त्यांनी साडेसहा हजार किलोमीटरवरून ओळखलं.

मेणाचा भाग मला आधी फसवणूकच वाटला. मेणाची वडी गरम इस्त्रीला टेकवून तळावर थेंब पाडायचे, इस्त्रीने ते पसरवायचे, तासभर थांबायचं आणि मग प्लॅस्टिकच्या पट्टीने सगळं खरवडून काढायचं. सगळं म्हणजे सगळं. मग लावायचं कशाला? पण हे बिडाच्या तव्यासारखं आहे. वर दिसतं ते तेल कामाचं नसतं, मुरलेलं कामाचं. बर्फ जितका थंड तितके त्याचे कण टोकदार, म्हणून कडक मेण. उबदार, ओलसर बर्फाला मऊ. शर्यतवाले याहून खूप पुढे गेले होते. फ्लोरिनयुक्त मेणाने स्की नुसत्या उडायच्या, पण ती रसायनं माती-पाण्यात वर्षानुवर्षं तशीच राहतात. म्हणून 2023-24 च्या मोसमापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यावर बंदी आली. मी मात्र घरच्या इस्त्रीवर आणि साध्या मेणावर होते. ती इस्त्री मनाला येईल तेव्हा तापायची. मेणातून धूर निघाला म्हणजे फार तापली. पॉलिथिलीनचा तळ 135 अंशांच्या आसपास वितळायला लागतो, त्यामुळे इस्त्री एका जागी थांबवायची नाही. तळ वाचला. नवऱ्याचा पांढरा शर्ट दुसऱ्या दिवशी वाचला नाही. मग मी वेगळी इस्त्री घेतली, म्हणजे 40 युरो वाचवायला 50 घातले.

एक काम घरी होत नाही. तळ अगदी गुळगुळीत असला तर स्की चांगली घसरेल, असं कुणालाही वाटेल. होतं उलटं. स्की आणि बर्फाच्या मधे पाण्याचा पातळ थर असतो, आणि दोन ओली ताटं एकात एक बसली की सुटत नाहीत, तसा गुळगुळीत तळ त्या पाण्याला चिकटतो. म्हणून दुकानात दगडाच्या चाकावर तळाला बारीक रेघा पाडून घेतात. दुकानातला मुलगा मला हे समजावत होता आणि माझ्या कानात “पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ” ऐकू येत होतं. छिन्नी-हातोडी घेऊन दारोदार फिरणाऱ्या त्या बायकांना हे कारण विचारलं असतं तर त्यांनी पाटा उलटा करून दाखवला असता.

पहिल्या धारेचं काय झालं तेही सांगते. मी टोकापासून शेपटीपर्यंत इतकी इमानदारीने धार लावली की स्की सोडायलाच तयार नव्हती. वळण सुरू केलं की संपवू देईना. माझी मांडी आणि माझा मान, दोन्ही दुखावले. टोकाची आणि शेपटीची धार थोडी मारायची असते, आणि तळाकडे वळलेली पोलादाची बारीक किनार, म्हणजे ‘बर’, दगडाने हलकेच काढायची असते. “बर काढली नाहीस?” एवढंच बाबा म्हणाले. त्यांच्या शब्दकोशात यापुढचा अपमान नाही.

आता तीन मोसम झाले. दर तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर मी तळघरात उतरते. रविवारी नाही, कारण इथे रविवारी शांतता पाळतात आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंचे कान फार तयार आहेत. स्कीला डावं-उजवं नसतं, पण मी चिकटपट्टी लावून ठरवून ठेवलंय, आणि त्यामुळे एक गोष्ट उघडी पडली. डावीची आतली कड नेहमी आधी बोथट होते. तिच्यावर भार येतो उजवीकडे वळताना. म्हणजे उजवं वळण मी कोरत नाही, खरवडते. हे मला दोन प्रशिक्षकांनी सांगितलं होतं आणि मी दोघांशी वाद घातला होता. कडेशी काय वाद घालणार?

गेल्या मे महिन्यात आई-बाबा आले. स्की उन्हाळ्यासाठी ठेवल्या होत्या. तेव्हा मेण खरवडायचं नसतं, कडांवरही जाड थर सोडायचा, गंज लागत नाही. बाबा दुसऱ्याच दिवशी म्हणाले, “चल, तुझं वर्कशॉप दाखव.” तळघराचा दिवा दर दोन मिनिटांनी विझतो, तो मी पुनःपुन्हा लावत उभी. त्यांनी स्की उचलली, वजन पाहिलं, एक डोळा मिटून लांबीवर नजर टाकली. मग अंगठ्याच्या नखाने कडेवरचं मेण वीतभर काढलं आणि नख हळूहळू सरकवत नेलं. मी श्वास रोखून धरला. अर्ध्याच्या थोडं पुढे नख थांबलं, मागे आलं, पुन्हा त्याच जागी थांबलं.

“इथे खडा लागतोय,” ते म्हणाले. “दगड कुठाय?”