दिवे घाटासाठी रिपीटर: दोन जुन्या वायरलेस सेटची गोष्ट

पालखी दिवे घाट चढत असते तेव्हा फोन लागत नाही. दांड्या पूर्ण दिसतात, पण कॉल जात नाही. एका वळणावळणाच्या रस्त्यावर लाखो माणसं, रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या, आणि प्रत्येकाच्या खिशात फोन. मागच्या वारीत मी घाटाच्या मधल्या वळणावर एका वैद्यकीय पथकाबरोबर हँडी, म्हणजे हातात धरायचा छोटा वायरलेस सेट, घेऊन उभी होते. एक वारकरी माउली चक्कर येऊन पडल्या. रुग्णवाहिका सासवडच्या बाजूला उभी होती, तिच्याजवळ आमचा एक हॅम (परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारा) मित्रही होता. पण माझी हँडी ५ वॉटची आणि मध्ये डोंगर. मी हाका मारत राहिले, उत्तर नाही. शेवटी एक स्वयंसेवक मोटरसायकल काढून निरोप घेऊन गेला. माउली बऱ्या झाल्या. माझ्या डोक्यातून मात्र ती पंचवीस मिनिटं गेली नाहीत, आणि घाटमाथ्यावर रिपीटर हवा हे त्याच संध्याकाळी ठरलं.

मी धायरीत इन्व्हर्टर आणि यूपीएस दुरुस्तीचं काम करते. हॅमचा परवाना मिळून सहा वर्षं झाली. सोल्डरिंगला हात बसलेला आहे, पण व्हीएचएफचं, म्हणजे अशा उंच फ्रिक्वेन्सीच्या रेडिओचं, काम वेगळं असतं हे या सात-आठ महिन्यांत कळलं.

रिपीटरचं काम सांगायला सोपं आहे. एका फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने, उंचावरून बोलायचं. आपल्याकडे हॅमसाठी २ मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. त्यात ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रिक्वेन्सी एकमेकींपासून ६०० किलोहर्ट्झ दूर ठेवायची पद्धत आहे. गाडीत लावायचा सेट एका वेळी एकच करतो, ऐकतो किंवा बोलतो. म्हणून सेट दोन लागतात: एक कायमचा कान, दुसरा कायमचा तोंड.

आमच्या क्लबमधले काका दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले. मी त्यांना नवा, तयार रिपीटर घ्यायचं म्हटलं तर म्हणाले, "अगं, त्या पैशात चार सेट येतील. मोटोरोलाचे जुने जीएम-३०० शोध. पण कागदाशिवाय एकही घ्यायचा नाही." हे त्यांनी तीनदा बजावलं. जुन्या बाजारात रविवारी असे सेट दिसतात, ढिगात, माइक तुटलेले. त्यातला घेतला तर तो कुणाचा, कुठून आला, काहीच सांगता येत नाही. ट्रान्समीटर बाळगणं ही परवान्याची गोष्ट आहे. आम्हाला शेवटी एका बंद झालेल्या ट्रॅव्हल कंपनीचे दोन सेट मिळाले, विक्रीच्या कागदांसकट. घेताना एकच गोष्ट नीट पाहिली, मागच्या पट्टीवरचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा. या सेटचा एक प्रकार १४६ ते १७४ मेगाहर्ट्झचा येतो, तो आपल्या कामाला लगेच येत नाही. आम्ही १३६ ते १६२ वाले निवडले.

प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं. आजच्या कॉम्प्युटरवर ते चालू होतं, पण सेटशी बोलताना वेळेचा मेळ बसत नाही आणि वाचन अर्ध्यात तुटतं. काकांनी माळ्यावरून एक जुना लॅपटॉप काढला, त्याची फ्लॉपी अजून चालत होती. त्यावर पंधरा मिनिटांत दोन्ही सेट भरून झाले.

मागच्या १६ पिनांच्या सॉकेटपाशी मात्र माझे दोन दिवस गेले. तिथे रिपीटरला लागणारं सगळं मिळतं: पिन ३ वर ट्रान्समिट, ७ वर जमीन (ग्राउंड), ८ वर स्क्वेल्च उघडल्याची, म्हणजे सिग्नल आल्याची, खूण, ११ वर रिसीव्हरचा आवाज. मी प्लग लावला आणि सेटचा स्पीकर मुका झाला. ऑडिओ आयसी गेला असं धरून मी उघडझाक करत बसले. कारण साधं होतं. पिन १५ आणि १६ एका तारेने जोडल्याशिवाय आतला स्पीकर लागत नाही, आणि मूळ प्लगमध्ये ती तार आधीपासून असते. इतकुशी तार. हे काम कुणी करणार असेल तर प्लग काढण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा.

आवाजाच्या बाबतीतही एक खाचखळगा आहे. एफएममध्ये ट्रान्समीटर वरच्या पट्टीचे स्वर मुद्दाम उचलून पाठवतो आणि रिसीव्हर ते परत खाली आणतो. पिन ११ वर कच्चा आवाज घ्यायचा की खाली आणलेला, हे आतल्या बोर्डावरच्या एका जंपरने ठरतं. मी कच्चा आवाज घेऊन दुसऱ्या सेटच्या माइकच्या पिनला दिला. मग वरचे स्वर दोनदा उचलले गेले आणि माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा ऐकू येऊ लागला. जंपर फिरवला, मध्ये एक कपॅसिटर आणि आवाज कमी-जास्त करायला दहा किलोओहमचा प्रीसेट टाकला, आणि काकांच्या हँडीवरचा माझा आवाज माझाच वाटायला लागला.

दोन्ही सेटमधला कारभारी म्हणून आर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड ठेवला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून तो आणला, सोबत मूठभर बीसी-५४७ ट्रान्झिस्टर. स्क्वेल्च उघडला की ट्रान्समिट ओढायचं, माणूस थांबला की आणखी दीड सेकंद ट्रान्समिट चालू ठेवायचं (याला शेपूट म्हणतात), कुणाचं बटण दाबलेलं राहिलं तर तीन मिनिटांनी तोंड बंद करायचं, आणि ठरावीक वेळाने मोर्समध्ये कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनाव, द्यायची. दोन संध्याकाळींचं काम.

हे सगळं टेबलावर चालायला लागलं तेव्हा मला वाटलं झालं. काका म्हणाले, "आता सुरुवात झाली."

का, ते आकड्यांतून कळतं. चांगला रिसीव्हर पाव मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकतो. शेजारी, त्याच अँटेनावर, फक्त ६०० किलोहर्ट्झ अंतरावर १० वॉटचा ट्रान्समीटर चालू असतो. दोघांत सुमारे १६० डेसिबलचा फरक. सनईच्या तोंडाशी कान लावून पलीकडच्या खोलीतलं कुजबुजणं ऐकायचं, तसं. एकाच अँटेनावर दोघांना एकमेकांपासून वेगळं ठेवायला ड्युप्लेक्सर लागतो: पितळी किंवा ॲल्युमिनियमचे नळकांड्यांसारखे डबे, आतल्या दांडीची लांबी फिरवून सूर लावलेले. गाडीत बसणारे चपटे ड्युप्लेक्सर साडेचार-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरासाठी असतात, ६०० किलोहर्ट्झला ते पुरत नाहीत. क्लबच्या कपाटात सहा डब्यांचा एक मोठा पडून होता, तो मिळाला हे आमचं भाग्य.

त्या डब्यांबरोबर मी तीन रविवार काढले. नॅनोव्हीएनए (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल पार होतो ते पडद्यावर दाखवणारं छोटं उपकरण) लावून एकेक डबा वेगळा जुळवायचा. पडद्यावर रेषा सपाट चाललेली असते आणि एका ठिकाणी विहिरीसारखी खाली जाते. ती विहीर दुसऱ्या बाजूच्या फ्रिक्वेन्सीवर नेमकी आणायची, म्हणजे ती तिथे गिळली जाते. एका डब्याची विहीर साधारण ३० डेसिबल, तीन डब्यांची मिळून ९०. पण नॅनोव्हीएनए ७० डेसिबलच्या खाली बघू शकत नाही, म्हणून तिन्ही एकत्र लावून मोजायला गेलं की तळ दिसतच नाही. एकेक करूनच विश्वास ठेवावा लागतो. आणि दांडी फिरवून जागेवर आणली तरी वरचा नट आवळला की विहीर सरकते. नट आवळताना ती कुठे जाणार हे ओळखून तेवढी आधीच मागे ठेवायची. पहिल्या डब्याला अडीच तास लागले, सहाव्याला वीस मिनिटं. आईने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा गार झाला.

ड्युप्लेक्सर लागला. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे शक्ती हवेत न सोडता जिरवणारा रोध. स्वयंपाकघरात एक हँडी, तिलाही डमी लोड लावून, अगदी क्षीण बोलती ठेवली. माझ्या रिसीव्हरवर तिचा आवाज स्वच्छ. ट्रान्समीटर हाताने दाबला आणि त्या आवाजावर खरखर चढून बसली. सोडला की स्वच्छ. दाबला की खरखर. म्हणजे कान तोंडामुळे बहिरा होतोय.

चार दिवस मी डबे परत परत जुळवले. काही फरक नाही. मग काका आले, खुर्ची ओढून बसले आणि काहीच न जुळवता फक्त एकेक केबल बोटांनी हलवत गेले. सेटपासून ड्युप्लेक्सरपर्यंतच्या छोट्या तुकड्याला हात लागताच खरखर बदलली. "ही बघ," म्हणाले. तो तुकडा आरजी-५८ चा होता, एकेरी जाळीचा. तारांची जाळी विरळ असते, तिच्या फटींतून थोडी शक्ती बाहेर झिरपते. घरच्या अँटेनाला ते जाणवत नाही, पण इथे अगदी सूक्ष्म गळतीही जास्त होते. दोन्ही बाजूचे तुकडे आरजी-२२३ चे, दुहेरी जाळीचे आणि चांदीचा मुलामा असलेले करून घेतले, टोकांना एन कनेक्टर. रिसीव्हर वेगळ्या ओतीव ॲल्युमिनियमच्या पेटीत ठेवला. आत जाणाऱ्या प्रत्येक तारेवर नको ती रेडिओ लहर अडवणारा फेराइट घातला.

हँडी परत स्वयंपाकघरात. ट्रान्समीटर दाबला. आवाज तसाच्या तसा, खरखर नाही. मी आईला हाक मारून बोलावलं आणि तिलाही ऐकवलं.

या सगळ्या काळात आम्ही हवेत एक शब्दही सोडला नाही. रिपीटर म्हणजे माणूस जवळ नसताना आपोआप बोलणारं स्टेशन. आपल्या नेहमीच्या हॅम परवान्यावर ते लावता येत नाही, डब्ल्यूपीसीकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस परवाने देणाऱ्या विभागाकडून, वेगळी परवानगी लागते. अर्ज क्लबच्या नावाने केला. जागेचे अक्षांश-रेखांश, अँटेनाची उंची, शक्ती, फ्रिक्वेन्सीची जोडी, सगळं त्यात. मंजुरी यायला वेळ लागला, पण खरं सांगायचं तर त्या वेळातच आमचा रिपीटर नीट झाला. शक्ती १० वॉटच ठेवली. ड्युप्लेक्सरमध्ये दीड डेसिबल जातात, म्हणजे बाहेर सातच वॉट पडतात. घाटमाथ्याच्या उंचीवर सात पुरतात. गाडीचा सेट अधूनमधून बोलण्यासाठी बनवलेला असतो, सलग बोलण्यासाठी नाही. २५ वॉटवर मी एकदा डमी लोडमध्ये दहा मिनिटं चालवला तर मागच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर बोट ठेवता येईना. आता १० वॉट आणि कॉम्प्युटरचा एक १२ व्होल्टचा पंखा.

आणखी एक कारण होतं. उत्तरेला खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. तिचा एक पट्टा १२० ते २५० मेगाहर्ट्झचा, म्हणजे आपला २ मीटरचा पट्टा त्याच्या पोटात येतो. आकाशातला इतका क्षीण आवाज ऐकणारे लोक शेजारी असताना आपण गरजेपेक्षा जास्त बोलू नये, असं मला मनापासून वाटतं.

जागा झेंडेवाडीच्या बाजूला, एका सभासदाच्या शेतातल्या पंपाच्या खोलीत. फायबरग्लासचा अँटेना आठ मीटरच्या पाइपावर. परवाना हातात आल्यावर लावला त्या दिवशी सगळं छान चाललं, आणि संध्याकाळी वारं सुटल्यावर खरखर परत आली. सलग नाही, झुळूक आली की खडखड. या वेळी मी डब्यांना हात लावला नाही. खोलीवर चढून बोटांनी शोधत गेले. पत्रा बांधायला वापरलेली एक गंजकी जीआय तार पाइपाला हलकेच घासत होती. गंजलेल्या सांध्यावर ट्रान्समीटरची शक्ती पडली की तो स्वतःच आवाज निर्माण करतो, पट्टाभर. ती तार कापली, पत्र्याला नायलॉनची दोरी बांधली. खडखड थांबली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी काका सासवडच्या पालखीतळाजवळ गेले आणि मी मागच्या वर्षीच्या त्याच वळणावर. हँडी एक वॉटवर ठेवली. बटण दाबून कॉलसाइन सांगितली. शेपूट आली, मग काकांचा आवाज, शेजारी उभं राहून बोलावं तसा. त्यांनी नेहमीप्रमाणे "फाइव्ह नाइन", म्हणजे आवाज स्वच्छ आणि जोरात येतोय, असं म्हटलं आणि मग जरा थांबून, "घाटात वारं आहे का गं?"

होतं. खरखर नव्हती.

यंदाच्या वारीत त्या रिपीटरवरून दिवसभर निरोप गेले: पाण्याचा टँकर, हरवलेली एक आजी, दोन वेळा रुग्णवाहिका. दुसऱ्या निरोपाला रुग्णवाहिका पोहोचायला अकरा मिनिटं लागली. आता पावसाळा सरत आला आहे आणि रिसीव्हरच्या बाजूचा तिसरा डबा थोडा सरकल्यासारखा वाटतोय, लांबच्या हँडी किंचित दबून येतात. पुढच्या रविवारी नॅनोव्हीएनए घेऊन वर जाणार आहे.