पेंचच्या अंधारात, रोहिणीखाली

मनसर ओलांडलं की धाब्यांचे दिवे मागे पडतात. सिल्लारीच्या वाटेला लागलो तेव्हा गाडीच्या उजेडात फक्त सागाची पानं दिसत होती. पेंचला सगळे वाघासाठी जातात. आम्ही जानेवारीची अमावस्या गाठून आकाश बघायला गेलो. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा नैसर्गिक अंधार जपणाऱ्या उद्यानाचा, दर्जा मिळाला, भारतात पहिलाच. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले. एवढ्याशा कामाने केवढा फरक पडतो, ते वाघोड्याजवळ गाडीचे दिवे मालवल्यावर कळलं.

डोळे सरावले तसा कृत्तिकांचा झुपका दिसला. त्याच्याच रेषेत रोहिणी, मृगातले तीन तारे आणि खाली लखलखता व्याध. सोबत गावातले एक काका होते, कानाला दुपट्टा गुंडाळलेले. मृगातल्या त्या तिघांना ते तिफण म्हणतात.

प्रकाश सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर धावतो, सूर्यापासून सव्वाआठ मिनिटांत येतो. तरी व्याधाला साडेआठ वर्षं लागतात, रोहिणीला सुमारे ६५. कृत्तिकांचा उजेड तर शिवरायांच्या जन्माआधी निघालेला, सव्वाचारशेहून जास्त वर्षांपूर्वी. एका रेषेतले शेजारी, पण प्रत्येकाची तारीख वेगळी. रोहिणीचा उजेड महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराला निघाला, असं मी सांगितलं.

"तवा निघाला अन् आता पोचून राहिला? मंग आमच्या गावची गाडी बरी!" काका म्हणाले. "पण हे मोजलं कोणं? टेप घेऊन गेलता का कोणी?"

मी त्यांना बोट नाकासमोर धरून एकेक डोळा मिटायला लावला. बोट मागच्या ताऱ्यांवरून सरकलं. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाते, तेव्हा जवळचा तारा असाच किंचित सरकलेला दिसतो, आणि त्यावरून अंतर निघतं. किंचित म्हणजे किती, तर एका अंशाचा दोन हजारावा भागही नाही! १८३८ मध्ये बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचं अंतर असं काढलं: सुमारे १० प्रकाशवर्षं, म्हणजे तिथून उजेड यायला दहा-एक वर्षं.

पश्चिमेला दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दुसऱ्या एका प्रचंड तारासमूहाचा, धुरकट ठिपका सापडला. पंचवीस लाख वर्षांपूर्वीचा उजेड. खरं सांगू? तो आकडा मला भिडत नाही, रोहिणीचे ६५ भिडतात. काका मात्र अजून बोट धरून डोळे मिचकावत होते.

जाणार असाल तर अमावस्येच्या आसपास जा, टॉर्चला लाल कागद लावा, आणि थंडीला कमी लेखू नका.