लुकाश पिश्चेक: आघाडीवर घडलेला बचावपटू

11 ऑक्टोबर 2014 रोजी वॉर्सा येथे पोलंडने जर्मनीला 2-0 असे हरवले. जर्मनीविरुद्धचा पोलंडचा हा इतिहासातील पहिला विजय होता, आणि समोरचा संघ तीनच महिन्यांपूर्वी विश्वविजेता ठरलेला होता. या सामन्याची आठवण निघाली की पोलंडच्या अर्कादियुश मिलिकचे हेडर (डोक्याने मारलेला गोल) आणि पुढे आलेल्या जर्मन गोलरक्षक मानुएल नॉयरची झालेली फसगत यांविषयी सगळे बोलतात. ज्या क्रॉसवर, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेल्या चेंडूवर, ते हेडर बसले, तो उजव्या बाजूने राइट-बॅक (उजव्या कडेचा बचावपटू) लुकाश पिश्चेकने दिला होता, हे मात्र बहुधा राहून जाते. त्या क्रॉसमागे पिश्चेकच्या घडणीचा मोठा भाग आहे, असे मला वाटते, कारण फुटबॉलमध्ये तो आला तो बचावपटू म्हणून नव्हे.

पिश्चेकचा जन्म 1985 चा. दक्षिण पोलंडच्या सिलेसिया भागात, व्हिस्तुला नदीवरील मोठ्या जलाशयाशेजारी गोचाउकोवित्से-झ्द्रुय हे आरोग्यस्नानांसाठी ओळखले जाणारे गाव आहे; तिथल्या छोट्या क्लबमध्ये तो खेळू लागला आणि पुढे झाब्झे शहरातील ग्वारेक या युवा क्लबमध्ये तयार झाला. त्या काळात त्याचे काम एकच होते, गोल करणे. 2004 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या 19 वर्षांखालील युरोपीय स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत तो संयुक्तपणे पहिला होता. बर्लिनच्या हेर्था या क्लबने त्याला लगेच करारबद्ध केले, परंतु तयारीसाठी पोलंडमधील झाग्वेम्ब्ये लुबिन या क्लबकडे उसने पाठवले. तेथे 2006-07 मध्ये त्याने दोन आकडी गोल केले आणि लुबिनने पोलंडची लीग जिंकली.

लुबिनच्या याच वर्षांत त्याच्या कारकिर्दीवरचा डागही आहे. 2006 मधील क्राकोवियाविरुद्धचा सामना बरोबरीत सुटावा म्हणून खेळाडूंनी पैसे गोळा केल्याचे प्रकरण पुढे उघडकीस आले. पिश्चेकने आपला सहभाग कबूल केला आणि 2011 मध्ये न्यायालयाने त्याला कारावासाची स्थगित शिक्षा व दंड ठोठावला. त्या दशकात पोलिश फुटबॉलमधील भ्रष्टाचाराच्या तपासात शेकडो लोक अडकले होते, हे खरे. परंतु त्यामुळे त्याची जबाबदारी कमी होत नाही. त्याच्यावरील कौतुकाच्या लेखांत हा भाग गाळला जातो, ते मला पटत नाही.

2007 मध्ये तो बर्लिनला परतला. आघाडीवर त्याचा जम बसेना. तेव्हा प्रशिक्षक ल्युसियां फाव्र यांनी त्याला उजव्या बाजूने मागे खेळवण्यास सुरुवात केली. आघाडीवीराला बचावात नेणे ही वरकरणी पदावनतीच असते आणि अनेक खेळाडू तेथे मनाने संपतात. पिश्चेकने मात्र त्या जागेचा लाभ ओळखला: पुढे असताना पाठीवर बचावपटू असे, तर मागून धावत येताना सगळे मैदान त्याच्या नजरेसमोर राहू लागले. 2010 मध्ये हेर्था दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि तो हस्तांतरशुल्काविना बोरुसिया डॉर्टमंड या जर्मन क्लबमध्ये गेला.

डॉर्टमंडमध्ये त्याला आधी पर्यायी खेळाडू म्हणूनच घेतले होते. पॅट्रिक ओवोमोयेला जखमी झाल्यावर त्याला संधी मिळाली आणि त्यानंतर ती जागा त्याचीच झाली. प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांच्या त्या संघाने 2011 व 2012 अशी सलग दोनदा बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची सर्वोच्च लीग, जिंकली. दुसऱ्या वेळी 81 गुणांचा तेव्हाचा विक्रम केला आणि जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकला 5-2 असे हरवले. उजव्या बाजूला त्याच्या पुढे त्याचाच देशबांधव याकुब ब्वाश्चिकोव्स्की, म्हणजे सर्वांचा कुबा, खेळत असे. कुबा चेंडू घेऊन आत वळला की प्रतिस्पर्धी त्याच्यामागे खेचला जाई आणि मोकळ्या झालेल्या कडेवरून पिश्चेक पूर्ण वेगाने निघे. तो किती धावला यापेक्षा नेमका केव्हा निघाला हे पाहण्यासारखे असे, कारण क्षणभर आधी निघणारा ऑफसाइड (नियमाबाहेर पुढे गेलेला) ठरतो आणि क्षणभर उशिरा निघणाऱ्याला बंद वाट मिळते. आत पोलंडचाच आघाडीवीर रॉबर्ट लेवांडोव्स्की उभाच असे. या तिघांची जोडणी पोलंडला आयती मिळाली होती, तरीही मायदेशात झालेल्या 2012 च्या युरो (युरोपीय राष्ट्रांच्या) स्पर्धेत पोलंड गटातच गारद झाला. तीन खेळाडूंची समज उरलेल्या आठांना उसनी देता येत नाही, एवढेच त्यातून दिसले.

2013 मध्ये डॉर्टमंडने चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत रेआल माद्रिदला 4-1 असे नमवले. चारही गोल लेवांडोव्स्कीचे असल्याने तो सामना त्याच्या नावावर नोंदला गेला. त्या मोसमाचा उत्तरार्ध पिश्चेक खुब्याचे दुखणे घेऊन खेळत होता. लंडनच्या वेम्बली मैदानावरील अंतिम सामना बायर्नने 2-1 असा जिंकल्यानंतरच त्याने शस्त्रक्रिया करून घेतली आणि नंतर अनेक महिने तो मैदानाबाहेर राहिला. हे धाडस होते की अविचार, यावर मतभेद होऊ शकतात. मला त्यात क्लबच्या वैद्यकीय शिस्तीपेक्षा त्याचा हट्टच अधिक दिसतो.

राष्ट्रीय संघासाठी 2016 ची युरो स्पर्धा सर्वांत समाधानाची ठरली. पोलंडने जर्मनीला गोलशून्य रोखले, उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि मार्सेय येथे पोर्तुगालकडून केवळ पेनल्टी शूटआउटमध्ये हार पत्करली. 2018 चा विश्वचषक मात्र निराशेचा होता. त्यानंतर त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडले. नोव्हेंबर 2019 मध्ये स्लोव्हेनियाविरुद्ध वॉर्सा येथे त्याला निरोपाचा सामना देण्यात आला आणि पोलंडने तो 3-2 असा जिंकला.

वेग कमी झाल्यावरही डॉर्टमंडला त्याची गरज उरली होती. योगायोग असा की 2018 मध्ये फाव्र तेथे प्रशिक्षक झाले आणि त्यांनीच त्याला पुढे तीन बचावपटूंच्या रचनेत उजवीकडचा मध्यबचावपटू केले. कडेने धावण्याचे काम आता तरुण अश्रफ हकीमीकडे गेले. ज्या प्रशिक्षकाने त्याला आघाडीवरून बचावात आणले, त्यानेच त्याला आणखी मागे नेले, आणि दोन्ही वेळा पिश्चेकचे मैदानावरील आयुष्य वाढले. 13 मे 2021 रोजी बर्लिनमध्ये डॉर्टमंडने लाइपझिगला 4-1 असे हरवून जर्मन चषक जिंकला. त्याचा हा तिसरा जर्मन चषक होता आणि तिन्ही हेर्थाच्याच घरच्या मैदानावर जिंकलेले. त्या रात्री सहकाऱ्यांनी त्याला उचलून हवेत झेलले तेव्हा त्याला अश्रू आवरले नाहीत.

डॉर्टमंडसाठी 382 सामने खेळून झाल्यावर तो गोचाउकोवित्सेच्या त्याच गावच्या क्लबकडे गेला, जो तेव्हा पोलंडच्या चौथ्या श्रेणीत होता. तेथे तो खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. 2024 मध्ये जुना सहकारी नुरी शाहिन डॉर्टमंडचा मुख्य प्रशिक्षक झाल्यावर पिश्चेक त्याचा सहायक म्हणून परतला, परंतु जानेवारी 2025 मध्ये शाहिनला हटवण्यात आले आणि त्याच्याबरोबर पिश्चेकचाही तेथील कार्यकाळ संपला.