कॅम्परचं वजन, पिकअपचं पासिंग

इथे अमेरिकेत टीव्हीवर पिकअपची जाहिरात लागली की ती गाडी हमखास काहीतरी ओढत असते. बोट, घोड्यांचा ट्रेलर, लाकडाचे ओंडके, आणि खाली मोठ्या अक्षरांत किती हजार पौंड ओढते तो आकडा. आम्हाला जी वस्तू घ्यायची होती तिच्यासाठी हा आकडा काही कामाचा नव्हता. ट्रक कॅम्पर ओढायचा नसतो, पाठीवर घ्यायचा असतो.

आपल्याकडे हा प्रकार फारसा दिसत नाही, म्हणून आधी थोडं सांगते. पिकअपच्या हौद्यात बसणारी ही एक खोली. आत पलंग, शेगडी, फ्रिज, बेसिन, एवढासा संडास. पलंगाचा भाग ड्रायव्हरच्या टपावर पुढे आलेला. चार कोपऱ्यांना चार जॅक. मुक्कामी पोचलं की जॅक खाली सोडायचे, खोली उचलली जाते, मग खालून गाडी काढून घ्यायची आणि दूध आणायला जायचं. परत बसवताना मात्र रिव्हर्स घेणाऱ्याची आणि बाहेर उभं राहून हात दाखवणाऱ्याची परीक्षा असते, कारण दोन्ही बाजूंना जेमतेम चार बोटं जागा उरते. आमच्याकडे हे दोघं नवरा-बायको आहेत, त्यामुळे त्या वेळात काय बोललं जातं ते इथे लिहीत नाही.

आम्ही राहतो ओरेगनमध्ये, पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरोला. राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात स्टीन्स पर्वत आहे, त्याच्या पायथ्याशी अल्वोर्डचं सपाट, कोरडं वाळवंट. तिकडची बरीचशी जमीन केंद्र सरकारची, आणि तीवर साधारण १४ दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. रस्ते खडीचे, नाहीतर मातीचे. अशा ठिकाणी मागे ट्रेलर लटकवून जाण्यापेक्षा सगळं घर चार चाकांच्या वरच असलेलं बरं, असं आमचं मत झालं.

आप्पांना फोनवर हे सांगितलं. वाळव्यात शेतातला ऊस ट्रकमध्ये भरून कारखान्यावर नेण्यात त्यांची उमेद गेली. खोली कशी दिसते, केवढ्याला पडते, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, “गाडीचं पासिंग किती हाय? आणि खोली भरून किती भरंल?” पुढे जे काही वाचलं, विचारलं, मोजलं ते सगळं या दोन प्रश्नांच्या पोटातच होतं.

पासिंगचं उत्तर ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर चिकटवलेलं असतं. एक पिवळं-पांढरं स्टिकर सांगतं, की माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोच्या वर जाऊ नका. यालाच इथे पेलोड म्हणतात. यात ड्रायव्हरही आला, हे लक्षात ठेवायचं. शेजारच्या दुसऱ्या स्टिकरवर गाडी, माणसं, सामान सगळं धरून कमाल वजन किती, आणि पुढच्या व मागच्या एक्सलवर वेगवेगळं किती चालेल, तेही असतं. लोक बोलताना अर्धा टनी, पाऊण टनी, एक टनी म्हणतात, म्हणजे फोर्डच्या भाषेत एफ-१५०, एफ-२५०, एफ-३५०. ही नावं जुन्या काळची. आजची पाऊण टनी गाडी दीड टनाच्या आसपासही उचलते, त्यामुळे नावावरून काही ठरवू नये. माहितीपत्रकावरूनही नको. त्यातला पेलोड त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या गाडीचा असतो. मोठी केबिन, चारही चाकांना ताकद, काचेचं छप्पर, विजेवर सरकणाऱ्या सीट असं एकेक वाढत गेलं, की स्टिकरवरचा आकडा तेवढा उतरतो. एकाच नावाच्या, शेजारी-शेजारी उभ्या दोन गाड्यांच्या स्टिकरांत शे-दोनशे किलोंचा फरक सहज निघतो.

डिझेलचं तर विचारूच नका. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा बरंच जड असतं. आता पाऊण टनी गाड्यांचं कमाल वजन कंपन्या बऱ्याचदा बरोबर १०,००० पौंडांवर, म्हणजे ४,५३६ किलोंवर थांबवतात, कारण त्याच्या पुढे गेलं की गाडीला व्यावसायिक वाहनांचे नियम लागू होण्याचा संभव असतो. वरची रेघ आखलेली, इंजिन जड, मग वजा कुठून होणार? पेलोडमधूनच. म्हणजे जास्त पैसे मोजून जास्त ताकदीची गाडी घ्यायची, आणि तिने कमी उचलायचं! या सेगमेंटमधली एफ-२५० आणि एक टनी एफ-३५० यांचे बरेचसे भाग सारखेच असतात, म्हणून ‘स्टिकर सोडा हो, गाडी तीच आहे’ असं छातीठोकपणे सांगणारेही भरपूर भेटतात. मला हा युक्तिवाद पटत नाही. का, ते टायरपाशी सांगते.

आता आप्पांचा दुसरा प्रश्न. आम्ही बघितलेल्या एका मध्यम आकाराच्या कॅम्परचं कोरडं वजन, म्हणजे पाणी, गॅस, सामान काहीही न भरता, पत्रकात १,३१५ किलो होतं, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पाऊण टनी गाडीचा पेलोड १,५०० किलो. विकणारा म्हणाला, अगदी फिट. मी वहीत मांडून बघितलं. पिण्याच्या पाण्याची टाकी ३० गॅलनची, पाण्याचं वजन ११३ किलो. गिझरमधलं पाणी २३. गॅसचे दोन सिलिंडर भरून ३४. दोन बॅटऱ्या ५४. टपावरचा एसी ४०. कॅम्पर गाडीला आवळून धरणाऱ्या साखळ्या, हुक आणि त्यांच्या लोखंडी कंसांचे ४५. इथवरच १,६२४ झाले, आणि अजून माणूस एकही बसलेला नाही. आम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून २०५. कपडे, अंथरुणं, भांडी, कुकर, तांदूळ-डाळी, खुर्च्या, हत्यारं यांचे २०० धरले, आणि तेही हात आखडूनच. एकूण २,०२९ किलो. फिट म्हणवणाऱ्या गाडीवर अर्ध्या टनाहून जास्त ओझं.

यात कुणी खोटं बोललेलं नाही, हीच तर गंमत. कोरडं वजन खरं, पेलोडही खरा. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार कॅम्परवर वजनाचं लेबल असावंच लागतं, आणि त्यात किती पाणी, किती गॅस धरलाय तेही लिहावं लागतं. पत्रकापेक्षा हे लेबल कितीतरी प्रामाणिक. फक्त नंतर बसवलेल्या वस्तू आणि तुमचा संसार त्यात नसतो.

एक टनी घेतली, पण मागे दोनच टायर, तर पेलोड १,९०० किलोंच्या आसपास मिळत होता. थोडक्यात हुकतं म्हटल्यावर सल्ले सुरू झाले. मागच्या एक्सलवर एअरबॅग, म्हणजे हवेच्या स्प्रिंगा बसवा, कमानीला जादा पाटा घाला, गाडी झुलू नये म्हणून जाड स्वे बार, म्हणजे आडवा दांडा लावा. पाटे वाढवणं आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना काही नवं नाही. त्याने गाडी मागून बसत नाही, वळणावर झुलतही कमी, हे खरंच. पण पाटे वाढवून टायर बदलत नाही. या गाड्यांना नेहमी येणारा २७५/७० आर १८ मापाचा, जड वजनासाठीच्या ई श्रेणीचा टायर ८० पीएसआय हवेवर १,६५० किलो उचलतो. दोन टायर म्हणजे ३,३०० किलो. आमचं सगळं गणित मागच्या एक्सलवर साडेतीन टनांकडे जात होतं. वर कितीही स्प्रिंगा लावा, रस्त्याला टेकलेलं रबर तेवढंच.

शेवटी मागे जोड टायर असलेली, जुनी, एक टनी डिझेल गाडी घेतली. कमाल वजन १४,००० पौंड, म्हणजे ६,३५० किलो, आणि पेलोड अडीच टनांच्या वर. गैरसोय भरपूर आहे. मागचे फेंडर बाहेर आलेले, हौदा लांब. इंडियन स्टोअरच्या पार्किंगमध्ये एका जागेत ती मावत नाही, आणि कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूचा नाद सोडावा लागला. हलका, वर उघडणारा पॉप-अप कॅम्पर घेऊन साधी गाडी ठेवणं हा दुसरा शहाणा रस्ता होता. दोघांपुरता असता तर मी तोच धरला असता.

वजन किती याइतकंच ते कुठे पडतं हेही बघावं लागतं. कॅम्परच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण असते, आणि गाडीच्या पुस्तिकेत हौद्याचा कुठला पट्टा त्यासाठी योग्य त्याची आकृती. ही खूण मागच्या एक्सलच्या थोडी पुढे यायला हवी. मागे गेली, तर मागचा भार पुढच्या चाकांना उचलू लागतो, आणि स्टिअरिंग हातात हलकं होतं. आखूड हौद्याच्या गाडीवर लांब कॅम्पर चढवला की नेमकं हेच होण्याची भीती.

मग काटा केला. साखर कारखान्यावर आधी भरलेल्या गाडीचं वजन आणि मग रिकामीचं. आम्ही उलट क्रमाने केलं, तत्त्व तेच. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. त्यावर गाडी उभी केली की प्रत्येक एक्सलचं वजन वेगळं छापलेली पावती मिळते. ओरेगनमध्ये तर हायवेवरची सरकारी वजनकेंद्रं बंद असली तरी काटा चालू ठेवलेला असतो, बाहेरच्या पाटीवर आकडा दिसतो. पुढची चाकं चढवा, आकडा टिपा, पुढे सरका. फुकट. आमची गाडी भरून पुढे २,४०० आणि मागे ३,५२० किलो भरली, एकूण ५,९२०. वहीतल्या हिशेबापेक्षा ऐंशीएक किलो जास्तच. एवढं करूनही इथे आम्हाला अडवून कुणी पावती मागत नाही. वजनकेंद्रावर थांबायची सक्ती आहे ती मोठ्या मालट्रकांना. सगळे आकडे दारावर चिकटवून सरकार बाजूला होतं, पुढे तुम्ही आणि तुमची अक्कल. नाक्यावर गाडी बाजूला घ्यायला लावणाऱ्या आपल्या आरटीओची आठवण मला इथे आली, आणि तीही चक्क प्रेमाने.

पावतीचा फोटो आप्पांना पाठवला. त्यांचं उत्तर, “रिकाम्या गाडीची पावती कुठाय?” तीही पाठवली.

पेंडल्टनच्या पूर्वेला कॅबेज हिल म्हणून आय-८४ या महामार्गाचा घाट आहे. सहा टक्के उतार, दोन मोठी वळणं, ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बाजूला चढे रस्ते. ला ग्रँडकडून परतताना हा घाट उतरावा लागतो. टो-हॉल मोड (जड ओझ्यासाठीचं गिअरचं सेटिंग) आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनानेच वेग रोखणारा) लावून, उजव्या लेनमधून, मोठ्या ट्रकांच्या मागे शहाण्यासारखं उतरायचं. पुढे कोलंबिया नदीच्या खोऱ्यातला वारा या उंच खोलीला आडवा लागतो, तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर.

पाण्याची टाकी आता घरून पूर्ण भरून निघत नाही. मुक्कामाच्या जवळच्या स्टेट पार्कपर्यंत थोड्यावर भागतं. सध्या घरात वाद चाललाय तो सायकलींचा. मुलांना चारही सायकली मागे टांगून हव्यात. स्टँडसकट ६० किलो धरा, मागच्या एक्सलपासून अडीच मीटर मागे. आमच्या गाडीच्या ४.३ मीटरच्या व्हीलबेसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधल्या अंतरावर, हिशेब केला तर मागे ९५ किलो वाढतात आणि पुढची चाकं ३५ किलोंनी हलकी होतात. धाकटीचं म्हणणं, तिची सायकल छोटी आहे, ती आत पलंगावर राहील. तिची आधी बाथरूममधल्या काट्यावर ठेवून बघणार आहोत.