चेंडू दिसतो, मैदान दिसत नाही

षटकाचा शेवटचा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात पडतो न पडतो तोच पान मसाला, मग मोबाईल, मग सिमेंट. परत येतो तेव्हा पुढचा गोलंदाज अर्धा रनअप संपवून अंपायरच्या शेजारी पोचलेला असतो. टीव्हीवरच्या क्रिकेटबद्दल बाकी तक्रारी पुष्कळ आहेत, पण माझं मुख्य भांडण या अर्ध्या मिनिटाशी आहे.

हिशोब सोपा आहे. टी-२०च्या एका डावात २० षटकं, म्हणजे मधल्या फटी १९. आंतरराष्ट्रीय पुरुष वनडे आणि टी-२० सामन्यांत २०२४पासून स्टॉप क्लॉक कायमचं झालं. आधीचं षटक संपल्यापासून ६० सेकंदांत क्षेत्ररक्षण करणारा संघ पुढच्या षटकासाठी तयार हवा. दोनदा ताकीद मिळते, तिसऱ्यांदा ५ धावांचा दंड. त्या ६० सेकंदांतले ४० जाहिरातींना गेले असं धरलं, तर १९ फटींचे होतात ७६० सेकंद, म्हणजे साडेबारा मिनिटांहून थोडं जास्त. आयपीएलमध्ये वर अडीच-अडीच मिनिटांचे दोन टाइम-आउट. शिवाय विकेट पडली की नवा फलंदाज येईपर्यंत मिळणारी वेळ वेगळीच.

जाहिरातींतून पैसा येतो, हे मान्य. पण त्या ४० सेकंदांत मैदानावर काही घडत नाही, ही समजूत चुकीची आहे. क्रिकेटमधला निम्मा विचार तेव्हाच होतो. लेगच्या बाजूचा फाइन लेग सीमारेषेवरून आत आला, ऑफच्या बाजूचे डीप पॉइंट आणि थर्ड मॅन मागे सीमारेषेकडे गेले, की ऑफ स्टंपच्या बाहेर वाइड यॉर्कर, म्हणजे दूरचा, थेट बॅटच्या बुंध्याशी पडणारा चेंडू, येणार हे जाणता प्रेक्षक ओळखतो. फाइन लेग आणि डीप स्क्वेअर लेग दोन्ही सीमारेषेवर असतील तर आखूड चेंडूची तयारी आहे. ही मांडणी आधी दिसली तर पुढचे सहा चेंडू म्हणजे कोडं असतं. नाही दिसली तर ते फक्त सहा चेंडू.

याचा कळस सातव्या षटकाला होतो. पहिल्या सहा षटकांच्या पॉवरप्लेमध्ये ३० यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक चालतात. सहा षटकं संपली की पाच चालतात. म्हणजे डावातला सगळ्यात मोठा बदल नेमका या क्षणी होतो: कोण मागे गेला, कोण आत राहिला, फिरकीला कुठल्या टोकाकडून आणलं. आणि आयपीएलमध्ये गोलंदाजी करणाऱ्या संघाला टाइम-आउट घेण्याची मुभाही सहाव्या षटकानंतरच सुरू होते. त्यामुळे घरी बसलेल्याला ती पांगापांग क्वचितच पाहायला मिळते. स्टेडियममध्ये सर्वांत स्वस्त तिकीट काढून बसलेल्याला मात्र ती फुकट दिसते.

उपाय महागडा नाही. पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूआधी पाच सेकंद उंचावरून पूर्ण मैदानाचा शॉट द्यायचा, त्यावर क्षेत्ररक्षकांचे ठिपके असलेलं छोटं चित्र ठेवायचं, बस. कॅमेरा तिथे आहेच. खेळ चालू असताना चित्र आकसून डावीकडे आणि खाली एल आकाराची जाहिरात लावण्यापेक्षा तरी ते बरं. एल पट्टीत चेंडू आणखी लहान होतो आणि नेमका सीमारेषेवरचा माणूस कापला जातो.

१९७७नंतर ऑस्ट्रेलियात केरी पॅकरच्या चॅनलने दोन्ही टोकांना कॅमेरे लावले. त्याआधी एकाआड एक षटक फलंदाजाची पाठ पाहत काढावं लागायचं. तेव्हा प्रश्न होता कॅमेरे कमी असण्याचा. आता ते इतके आहेत की एका झेलाचे सहा रिप्ले येतात, पण तो क्षेत्ररक्षक तिथे पोचला कुठून हे सहांपैकी एकातही कळत नाही.

कबड्डीत हा दोष अधिक बोचतो, कारण तिथे मैदानच चिमुकलं आहे. पुरुषांचं १३ बाय १० मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत असला, तरच बोनस गुण. म्हणजे पाहायचे असतात पाय. आणि दाखवतात काय, तर चढाईपटूचा घामेजलेला चेहरा, मांडीवरची थाप, प्रेक्षकांतला कुणी नट. चढाई ३० सेकंदांची. त्यातले पाच सेकंद नटावर गेले की कोपरारक्षकाने साखळी कधी सोडली ते हुकलंच.

समालोचनाबद्दल एवढंच: मराठीतून ऐकायला मिळतं हे उत्तम. पण रेडिओवर बाळ ज. पंडितांना चेंडू शब्दांनी दाखवावा लागत होता. टीव्हीवर तो आम्हाला दिसतो आहे. दिसत नाही ते सांगा.

आता चित्रपट. खेळावरचे चित्रपट ओळीने पाहिले, तर तिथेही हीच खोड सापडते. फक्त जाहिरातीच्या जागी पार्श्वसंगीत असतं.

१९८३च्या क्रिकेट विश्वचषकावरचा '८३' घ्या. टनब्रिज वेल्सला १८ जून १९८३ रोजी कपिल देवने झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ केल्या. तिथे टीव्हीचा कॅमेरा नव्हता, त्यामुळे त्या डावाचं चित्रीकरणच नाही. दिग्दर्शकाला याहून मोठी संधी कुठली! ५ बाद १७वरून ८ बाद २६६. मधली पडझड बघा: सहावी विकेट ७७वर, सातवी ७८वर, आठवी १४०वर, आणि मग किरमाणीसोबत न तुटलेली १२६ धावांची भागीदारी, ज्यात किरमाणीच्या २४. हा डाव सावरण्याचा आहे, निव्वळ षटकारांचा नाही. १३८ चेंडूंत षटकार सहाच होते. चित्रपट पाहून बाहेर पडताना मात्र षटकारच लक्षात राहतात. बिन्नी आणि मदनलालने एक टोक धरून ठेवलं म्हणून हे जमलं, ही गोष्ट जवळजवळ हरवते. अंतिम सामन्यात कपिलने घेतलेला रिचर्ड्सचा झेल तर खऱ्या चित्रफितीत उपलब्ध आहे. तिथे कॅमेरा चेंडूबरोबर वळतो आणि पाठमोरा धावणारा कपिल त्यात येतो. एकसंध शॉट असल्यामुळे अंतर कळतं. चित्रपटातला झेल देखणा आहे, पण ते अंतर जाणवत नाही.

'मैदान' मला जास्त आवडला, विशेषतः अजय देवगणचा संयम. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फुटबॉलच्या अंतिम फेरीत भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवलं. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नैल सिंग यांचे. जर्नैल मुळात बचावपटू, डोक्याला टाके असताना त्याला पुढे आक्रमणात खेळवलं. प्रशिक्षक रहीम साहेबांची खरी करामत ती. कॅमेरा खेळाडूंच्या पायांमधून पळतो तेव्हा थरार येतो, पण बचावातला माणूस पुढे गेल्याने मागची रचना कशी बदलली हे समजायला एकदा तरी वरून बघायला हवं होतं. तीन तासांच्या चित्रपटात त्याला दहा सेकंद पुरली असती.

सामने आणि चित्रपट दोन्ही घरी बघणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. टीव्हीतली चित्र गुळगुळीत करणारी सोय चित्रपटाला बंद करा: सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवतो आणि सगळं मालिकेसारखं दिसू लागतं. क्रिकेटलाही ती जोरात ठेवली तर वेगवान चेंडूमागे शेपूट दिसतं किंवा चेंडू क्षणभर गायब होतो. 'स्पोर्ट्स' मोड टाळा, त्यात गवत पोपटी होतं आणि खेळपट्टीचा खरा रंग कळत नाही. 'सिनेमा' मोड लावून उजेड हवा तेवढा वाढवा. शार्पनेस कमी करत जा, पांढऱ्या चेंडूभोवतीची कड नाहीशी झाली की थांबा. आवाज ५.१मध्ये, म्हणजे वेगवेगळ्या स्पीकरांतून, येत असेल तर समालोचन बहुधा मधल्या स्पीकरमधून येतं. तो एकटा कमी केला की मैदानाचा आवाज वर येतो.

मोबाईल ॲपवर सामना मागे राहतो त्याचं कारण नेटचा वेग एवढंच नाही. चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं, बहुतेकदा सहा, आणि प्लेअर दोन-तीन तुकडे जमवूनच सुरू होतो. १०-२० सेकंद तिथेच गेली. मध्ये पॉज केलं असेल तर वर वाढलेला उशीर 'लाइव्ह'वर दाबल्याशिवाय भरून निघत नाही. आणि स्कोअरच्या ॲपची सूचना बंद ठेवा, ती चित्राच्या पुढे धावते.

शेवटी 'चंदू चॅम्पियन'. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकले. वेळ ३७.३३ सेकंद. चित्रपटात ही शर्यत तुकड्यातुकड्यांत येते. तलावाच्या एका टोकाला कॅमेरा ठेवून, संगीत न लावता, सगळी ३७ सेकंदं सलग दाखवली असती तर? दोन षटकांमधल्या जाहिरातींना त्याहून जास्त वेळ लागतो.