पट्टा किती वेळ ठेवायचा

दादाने काल मालवाहू जहाजावरून फोनवर घाईघाईत विचारलं, "टूर्निकेट बांधलं की किती वेळ ठेवायचं गं?" टूर्निकेट म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा. मी म्हटलं, दोन तास. वॉर्डात कुणी विचारलं असतं तर दिलं असतं तेच उत्तर. तो "बरं" म्हणाला, आईशी दोन शब्द बोलला आणि लाइन गेली.

रात्रभर ते दोन तास डोक्यातून जात नाहीत.

उत्तर बरोबरच आहे. दोन तासांपर्यंत पाय सहसा वाचतो, पुढे स्नायू मरायला लागतात. पण तेवढ्यात कुणीतरी येईल, हे त्यात धरलेलंच असतं. अमेरिकेने 2009 मध्ये अफगाणिस्तानात जखमीला 60 मिनिटांत उपचारांपर्यंत न्यायचं ठरवलं, ते जमलं कारण आकाश त्यांच्या ताब्यात होतं. युक्रेनमध्ये ड्रोन असतात, गाडी पुढे जात नाही, पट्टे तासन्‌तास तसेच राहतात आणि वाचला असता तो पाय जातो. मग दादाचं जहाज आहे त्या एडनच्या आखातात?

जहाजावर औषधांची पेटी सेकंड ऑफिसरकडे, म्हणजे दादाकडेच. डॉक्टर नाही. 100 किंवा जास्त माणसं आणि तीन दिवसांहून लांबचा प्रवास असेल तरच डॉक्टर सक्तीचा. मालवाहू जहाजावर माणसं असतात वीस-पंचवीस. रेडिओवर डॉक्टरचा सल्ला चोवीस तास मिळतो. सल्ला मिळतो, रक्त नाही. युद्धनौकेवर वेळ पडली तर एका खलाशाचं ताजं रक्त दुसऱ्याला देता येतं, त्याची तयारी आधीच करून ठेवतात.

6 मार्च 2024 ला त्याच आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' या मालवाहू जहाजावर हूथींचं क्षेपणास्त्र पडलं. तिघे गेले. आयएनएस कोलकाताने 21 जणांना वाचवलं, जखमींवर उपचार केले. तेव्हा ऊर भरून आला होता. काल पुन्हा वाचलं ते कोलकाता पोहोचायच्या आधीच्या वेळासाठी. तेवढ्या वेळात कुणी काय बांधलं असेल, कशाने?

रोज परक्यांचं रक्त थांबवते मी. माझ्या माणसाला द्यायला माझ्याकडे काय, तर एक आकडा. रडू आलं. वहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही, आणि तिनेही...

असो. पहाटे उठून त्याला सगळं लिहून काढलं. जखमेच्या वर तीन-चार बोटं, सांध्यावर नको. रक्त थांबेपर्यंत आवळ, जखमी कितीही ओरडला तरी. पट्ट्यावर वेळ लिही. मदत लांब असेल तर दोन तासांच्या आत रेडिओवरच्या डॉक्टरला विचार. तो हो म्हणाला तर जखमेत गॉज ठासून भर, घट्ट बांध, मगच पट्टा हळूहळू सैल कर. रक्त आलं की पुन्हा आवळ. सहा तास उलटले तर हात लावू नकोस. पाय जाऊ दे, माणूस राहू दे.

तिथे तो आहे, मी नाही. ते काही बदलणार नाही. आणि खरं सांगायचं तर हात त्याचे माझ्याहून स्थिर आहेत.

मेसेजला अजून एकच टिक. पेटीत टूर्निकेट आहेत किती, ते विचारायचं राहिलं.